गारांनी फुटलेली काळी काच

प्रयोगशाळेत तिचं खरं नाव हजेरीच्या यंत्रापुरतं उरलं होतं. एरवी सगळे तिला धसकाबाई म्हणायचे, आणि तेही तोंडावर. हे नाव ठेवलं भट्टीवाल्याने. भट्टीवाला म्हणजे शेजारच्या खोलीत गरम, दमट कपाटं सांभाळणारा तंत्रज्ञ. नवे बनवलेले सोलर सेल त्या कपाटांत कोंडायचे आणि ते किती तग धरतात ते बघायचं, हे त्याचं काम. माणूस जिभेने तिखट, मनाने नाही.

धसकाबाई सकाळी आली की आधी रबरी हातमोजे फुग्यासारखे फुगवून कानाशी धरायची, कुठून हवा सुटतेय का ते ऐकायला. काम संपलं की हात कोपरापर्यंत धुवायची, तोंड धुवायची, नाकपुड्यासुद्धा धुवायची, आणि घरी जायचे कपडे वेगळ्या खोलीत जाऊन बदलायची.

"अहो, एवढं तर सर्जनसुद्धा धूत नाही," भट्टीवाला म्हणायचा. "आज कुणाचं पोट फाडलंत?"

ती हसायची नाही. रागही मानायची नाही. तिचं लक्ष तेव्हा नखांच्या कोपऱ्यांत असायचं.

तिचं काम एका मोठ्या काचेच्या पेटीत चालायचं. पेटीत हवा नाही, नुसता नायट्रोजन. पेटीच्या भिंतीला बसवलेल्या लांब रबरी बाह्यांत आपले हात घालायचे आणि बाहेर उभं राहून आतलं काम करायचं. छोट्या काचेवर पिवळसर द्रवाचा थेंब सोडायचा, काच भोवऱ्यासारखी गरगर फिरवायची, आणि नेमक्या क्षणी त्यावर दुसऱ्या द्रवाची धार धरायची. क्षण हुकला की थर डागाळला. जमला, तर तापलेल्या पट्टीवर ठेवताच बघता बघता तो तपकिरी व्हायचा, मग काळाभोर, तोंड दिसेल असा. हा काळा थर म्हणजे पेरोव्स्काइट. केसाहून कितीतरी पातळ, पण ऊन असं पिऊन घ्यायचा की जुन्या सिलिकॉनच्या पॅनलांनी धास्ती घ्यावी. दरवर्षी त्याची टक्केवारी वर चढत होती. उन्हातला जितका वाटा विजेत उतरतो तितकी ती टक्केवारी; आणि त्या आकड्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळा एकमेकींच्या पुढे धावत होत्या.

पण थर भारी नाजूक. दमट हवा लागली की मान टाकायचा. उष्णता सोसायची नाही, आणि ज्या उन्हावर जगायचं ते ऊनही त्याला फार काळ झेपायचं नाही. बिघडला की पुन्हा पिवळा पडायचा. भट्टीवाला कपाट उघडून ओरडायचा, "धसकाबाई, तुमच्या पोरांना कावीळ झाली!" आणि सगळे हसायचे.

ती मात्र तो पिवळा रंग दिसला की नजर वळवायची. कारण तो रंग शिशाच्या आयोडाइडचा होता, आणि शिसं हा शब्द तिच्या घरात कुणी उच्चारत नसे.

तिच्या वडिलांचं बॅटऱ्या दुरुस्त करायचं दुकान होतं. दुकान पुढे, घर मागे, मध्ये एक पडदा. मोटारींच्या जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, आतल्या शिशाच्या जाळ्या काढायच्या, मागच्या अंगणात वितळवायच्या आणि साच्यात ओतायच्या. वितळलेलं शिसं चांदीसारखं चमकायचं; लहानपणी तिला ते फार आवडायचं. करडी धूळ मात्र सगळीकडे असायची, वडिलांच्या भुवयांत, आईने धुतलेल्या चादरींवर, फरशीच्या फटीत. त्या फरशीवर तिचा धाकटा भाऊ रांगला. रांगणारं मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं, त्यात कुणाला काय वाटणार?

तो उशिरा बोलायला लागला. मग बोलता बोलता थांबला. पोट धरून रडायचा, खायचा नाही. कुणी म्हटलं जंत असतील, कुणी म्हटलं मुलगे उशिराच बोलतात. शेवटी एका डॉक्टरने त्याच्या हिरड्यांवरची निळसर रेघ बघितली, मग वडिलांचे हात बघितले, आणि विचारलं, "तुम्ही काम काय करता?"

वडिलांनी दुकान बंद केलं, फरशी उखडली, घर बदललं. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. भाऊ जगला, वाढला, धिप्पाड झाला. अक्कल मात्र सहा-सात वर्षांच्या पोराएवढीच राहिली. वडील त्यानंतर त्याला कधी उचलून घ्यायचे नाहीत. हात पुढे करायचे आणि मागे घ्यायचे. आई-वडील दोघंही गेल्यावर भाऊ तिच्याकडे आला. गल्लीत त्याला सगळे राजा म्हणायचे. तिने लग्न केलं नाही, कुणी विचारलं तर म्हणायची, "माझ्याकडे राजा आहे, दुसऱ्या राजपुत्राला जागा कुठे?"

अशा बाईने शिशाच्या कामावर यावंच का? आली तेव्हा तिला माहीत नव्हतं. काचेवर थर चढवणाऱ्या कारखान्यात ती तयार झाली होती. इथे उन्हापासून वीज करणारी काच बनवतात, एवढंच कळलं होतं. पहिल्याच दिवशी बाटलीवरचं नाव वाचलं. ती तडक मॅडमच्या खोलीत गेली. मॅडम म्हणजे या गटाच्या प्रमुख; तिच्याहून वयाने लहान, झपझप बोलणाऱ्या.

"यात शिसं आहे," ती म्हणाली.

"आहे," मॅडम म्हणाल्या. "टेबलाएवढ्या पॅनलमध्ये चिमूटभरसुद्धा नाही. मोटारीच्या एका बॅटरीत असतं ना, तेवढ्यात आख्ख्या गावाची छपरं होतील. त्याच्याऐवजी कथिल घालून बघतोय आम्ही, पण त्याचे सेल अजून धड चालत नाहीत. तुम्हाला भीती वाटत असेल तर खुशाल जा. मी अडवणार नाही."

ती बाहेर आली, बराच वेळ हात धुण्याच्या नळाशी उभी राहिली. मग परत पेटीपाशी गेली. पुढे भट्टीवाल्याने एकदा विचारलं तेव्हा तिने कारण सांगितलं, "शिसं कुणीतरी हाताळणारच. ते घाबरणाऱ्या माणसाने हाताळलेलं बरं."

काही वर्षं अशीच गेली. सेल सुधारत गेले. थराच्या पृष्ठभागावर जे बारीक दोष राहायचे, ज्यांत वीज वाटेतच जिरून जायची आणि जिथून बिघाडाला सुरुवात व्हायची, ते बुजवायला एक क्षार सापडला. त्याचा हलका हात फिरवला की टक्केवारीही चढायची आणि भट्टीतलं आयुष्यही वाढायचं. कडा बंद करायची पद्धत बदलली. भट्टीवाल्याची काविळीची हाक विरळ झाली. छोट्या तुकड्यांवरून मोठ्या काचा झाल्या, ट्रेएवढी पॅनल झाली.

त्याच सुमाराला गटातल्या दोघांनी पकडथर बनवला. पॅनल फुटलं, आत पाणी गेलं, तर विरघळणारं शिसं धरून ठेवणारा एक पारदर्शक थर. धसकाबाईला तो इतका आवडला की तिने कधी नव्हे ते सगळ्यांना चहा पाजला. पण तो पुढच्या काचेखाली लावला की थोडं ऊन अडायचं, आणि टक्केवारी किंचित घसरायची. तेव्हा काही पॅनल पकडथराची करायची, काही त्याच्याशिवाय, असं ठरलं. आणि ती खऱ्या छपरांवर लावून बघायची. दिव्याच्या उन्हात राहणारं पॅनल धुळीत, थंडीवाऱ्यात, पाखरांच्या घाणीत कसं वागतं ते प्रयोगशाळेत कळत नाही.

छपरं कामावरच्या लोकांचीच. मॅडमनी तिला विचारलं. ती नाही म्हणाली. तिच्या छपरावर दिवसभर ऊन असायचं, आडवं येणारं झाड नाही, इमारत नाही. मॅडमनी पुन्हा विचारलं.

"पकडथराचं असेल तरच," ती शेवटी म्हणाली.

"पकडथराचंच देऊ," मॅडम म्हणाल्या.

पॅनल बसवायला माणसं आली त्या दिवशी राजाचा दात दुखत होता; ती त्याला घेऊन दवाखान्यात गेली होती. परतली तेव्हा अंगणाकडच्या पत्र्यावर काळी काच चमकत होती आणि तिच्या विजेवर खोलीतला छोटा पंखा फिरत होता. राजा दातदुखी विसरला. त्या दिवसापासून काच त्याची झाली. रोज सकाळी खुर्चीवर चढून तो ती फडक्याने पुसायचा, तिच्यात आपलं तोंड बघायचा. ढग आला की पंखा मंद व्हायचा, आणि राजा ढगाला दटावायचा, "ए, सरक!"

तिला ते बघून बरं वाटायचं. वाटायला नको होतं, असं ती नंतर म्हणायची.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी एकदम अंधारून आलं. प्रयोगशाळेच्या खिडक्यांवर तडतड सुरू झाली, आणि पेटीत हात घातलेल्या अवस्थेत तिने मान वळवून बघितलं. गारा. आधी वाटाण्याएवढ्या, मग लिंबाएवढ्या. बाहेर मोटारींचे भोंगे आपोआप वाजायला लागले. भट्टीवाला खिडकीशी जाऊन मजा बघत होता. ती म्हणाली, "माझ्या घरी काच आहे," आणि कुणालाच ते ऐकू गेलं नाही.

गारा थांबल्या आणि तिचा फोन वाजला. शेजारच्या काकू. ती कामावर असताना राजाकडे त्याच लक्ष ठेवायच्या.

"अगं, तुझी ती काच फुटली बघ. कसल्या गारा, बाई! पण घाबरू नकोस, राजाला काही लागलेलं नाही. तो आवरतोय सगळं. गुणाचा आहे हो तुझा भाऊ."

"आवरतोय म्हणजे?"

"तुकडे वेचतोय. पिवळे पडलेत म्हणून बादलीत धुतोय एकेक. मी म्हटलं राहू दे, तर म्हणतो, ताईची काच आहे, काळी करून ठेवतो."

"काकू, त्याला आधी तिथून उठवा. हात धरून ओढा. पाण्याला हात लावू देऊ नका, तोंडाला हात लावू देऊ नका. काकू, ऐकताय ना?"

"अगं, पण तो किती मोठा आहे, मला कसा ओढवेल?"

ती तशीच निघाली. कपडे बदलले नाहीत, हात धुतले नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. रस्त्यावर फांद्या पडल्या होत्या, बस जागच्या जागी उभी होती, चालक खाली उतरून कपाळाला हात लावून उभा. ती पायी पळत सुटली. गारांच्या ढिगांवरून पाय घसरत होते. डोळ्यांपुढे एकच गोष्ट होती: राजाची बोटं. विचार करताना बोट तोंडात घालायची त्याची सवय कधी गेली नव्हती. दुकानातली करडी फरशी तिला दिसायला लागली. पुन्हा तेच. आणि या वेळी ते घरात आणलं होतं तिने, वडिलांनी नव्हे.

दार उघडंच होतं. राजा अंगणात उकिडवा बसला होता. पुढ्यात बादली. बादलीतलं पाणी गढूळ पिवळं. शेजारी फडक्यावर काचेचे तुकडे नीट ओळीत मांडलेले. काही अजून काळे, काहींवर पिवळे डाग, काही पूर्ण पिवळे. त्याच्या अंगठ्याला काच लागली होती आणि तो अंगठा त्याच्या तोंडात होता.

तिला बघून तो हसला. "ताई, जात नाही पिवळं," तो म्हणाला.

ती किंचाळली. काय बोलली ते तिला नंतर आठवेना. काकूंच्या म्हणण्याप्रमाणे शब्द नव्हतेच, नुसता आवाज होता. तिने त्याचा हात हिसडला, तो खुर्चीवर आदळला, तिने त्याला फरफटत मोरीत नेलं आणि नळ सोडला. हात, तोंड, पुन्हा हात. चूळ भर, थुंक, गिळू नकोस, थुंक. तो धिप्पाड माणूस थरथर कापत होता. तिने त्याच्या अंगावरचे कपडे काढून पिशवीत कोंबले, तशी तो तिच्या हातांतून निसटला आणि उघड्या अंगाने टेबलाखाली जाऊन बसला.

मग तिने मॅडमना फोन लावला.

"माझ्या घरचं पॅनल फुटलंय. राजाने तुकडे हाताळलेत. तोंडात बोट घातलंय. त्यात पकडथर आहे ना?"

"तोंडात?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, पकडथर आहे ना?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "त्या आठवड्यात पकडथराची कमी पडली होती. म्हटलं, नंतर बदलू. राहून गेलं. मी येते. तुम्ही त्याला दवाखान्यात न्या, मी तिथेच येते."

तिने फोन ठेवला की तो हातातून पडला, तेही तिला कळलं नाही.

दवाखान्यात राजाचं रक्त घेतलं. तो सुईला घाबरला नाही. तिच्याकडे मात्र बघेना. रक्त घेणाऱ्या नर्सचा हात त्याने घट्ट धरला होता.

अहवाल आला तेव्हा डॉक्टरांनी तिला समोर बसवलं. "शिसं आहे. असायला हवं त्यापेक्षा जास्त. पण तुम्ही म्हणता त्याला लहानपणीच झालेलं. ते हाडांत मुरतं आणि जन्मभर थोडं थोडं रक्तात उतरत राहतं. हे त्यातलं किती आणि परवाचं किती, एका तपासणीवरून नाही सांगता येणार. काही आठवड्यांनी परत रक्त घेऊ. वाढलं असेल तर उपचार सुरू करू."

"आणि तोवर?"

"तोवर लक्ष ठेवा. पोटात दुखतं का, उलट्या, चिडचिड, झोप."

तोवर. या एका शब्दावर तिने ते दिवस काढले. कामावर गेली नाही. राजाने ताट सरकवलं की ती लगेच विचारात पडायची: भूक गेली? तो गप्प बसला की वाटायचं, आईने हेच सांगितलं होतं, आधी गप्प झाला. तो बोलला की ती शब्द तोलायची, कालचा कुठला आज विसरला का. त्याला कोडी घालायची, रंग विचारायची. तो बिचारा उत्तरं द्यायचा, पण दाराच्या बाजूला सरकत सरकत. तिच्या हातून तो जेवेनासा झाला. काकूंनी भरवलं तर जेवायचा. ती जवळ गेली की दोन्ही हात पाठीमागे लपवायचा, लहान पोर चोरी लपवतं तसे.

वडील त्याला का उचलून घ्यायचे नाहीत, ते तिला त्या दिवसांत समजलं.

काकूंनी तर हायच खाल्ली होती. "मला काय ठाऊक गं," त्या पुन्हा पुन्हा म्हणायच्या. "काच म्हणजे काच, एवढंच माहीत मला." तिने त्यांना कधी दोष दिला नाही. तिने स्वतःच त्यांना काही सांगितलेलं नव्हतं. सांगायचं म्हणजे तो शब्द उच्चारावा लागला असता.

मॅडम दवाखान्यात येऊन गेल्या होत्या; दुसऱ्या दिवशी घरी आल्या त्या माणसं घेऊन. तुकडे, बादली, फडकं, सगळं बंद डब्यांत भरलं. पत्रा धुतला आणि धुतलेलं पाणीही नेलं. अंगणातली माती वीतभर खोल काढायची होती. ती कुदळ घेऊन स्वतःच खणायला लागली. मॅडम काही वेळ बघत राहिल्या, मग त्यांनीही फावडं उचललं. त्यांना ते नीट धरता येत नव्हतं.

"तुम्ही मला विचारायला हवं होतं," ती खणता खणता म्हणाली. "पकडथर नाही म्हणून सांगितलं असतं, तर मी नाही म्हटलं असतं."

"म्हणूनच विचारलं नाही," मॅडम म्हणाल्या.

ती थांबली. तिला वाटलं होतं की सबबी ऐकाव्या लागतील. मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मला छप्पर हवं होतं," त्या म्हणाल्या. "मोठ्या परिषदेत आकडे दाखवायचे होते. वाटलं, काही महिन्यांत कुठे काय होतंय. तुमचा भाऊ घरी असतो हेही मला माहीत होतं."

राग आला होता, पण भीतीने एवढी जागा अडवली होती की रागाला बसायला कोपरा नव्हता. ती पुन्हा खणायला लागली. पत्र्याच्या कडेखाली, जिथे पाणी ठिबकलं होतं, तिथल्या मातीत शिसं सापडलं. त्याच्या पलीकडे नाही. बादलीतल्या पाण्यात मात्र भरपूर सापडलं. मॅडमनी ते तिच्यापासून लपवलं नाही. "भरपूर" हा शब्द तिच्या कानात कितीतरी दिवस घुमत राहिला.

एकदा भट्टीवाला आला. दारातच घुटमळत उभा राहिला, चप्पल काढू की नको असा. त्याच्याकडे एकही विनोद नव्हता. राजाला त्याने पत्त्यांचा जोड आणला होता. दोघं जमिनीवर बसून खेळले, राजाने उघड उघड लबाडी केली आणि भट्टीवाला प्रामाणिकपणे हरला. निघताना तो तिला म्हणाला, "माझ्या छपरावर पण एक आहे. माझी नात तिथे खेळायची. मी उतरवलं काल." मग थोडं थांबून, "तुम्ही मोजे फुगवायच्या ना, त्यावर मी किती हसलो."

"हसलात ते हसलात," ती म्हणाली. "मोजे फुगवूनही झालं ते झालंच ना."

दुसऱ्या रक्ताच्या दिवशी राजा दवाखान्यात यायलाच तयार होईना. काकूंना बरोबर घ्यावं लागलं. अहवाल हातात येईपर्यंत तिने बाकाची कड इतकी दाबून धरली होती की बोटांवर वळ उठले. डॉक्टरांनी कागद बघितला, आधीचा बघितला, पुन्हा हा बघितला. त्या वेळात ती मनातल्या मनात राजाला पुन्हा पहिल्यापासून बोलायला शिकवत होती.

"उतरलंय," डॉक्टर म्हणाले. "आधीपेक्षा कमी. त्या दिवशी थोडं गेलं असावं पोटात, पण फार नाही. उरलंय ते त्याचं जुनंच आहे. अजून एकदोनदा बघत राहू, पण मला काळजीचं दिसत नाही."

काकू रडायला लागल्या. तिच्या डोळ्यांतून काही आलं नाही. तिने फक्त विचारलं, "म्हणजे बोलेल ना तो?" डॉक्टर गोंधळले. राजा तेव्हा बाहेर नर्सला पत्त्यांचा डाव समजावून सांगत होता, आणि ते आतपर्यंत ऐकू येत होतं.

ती कामावर परतली तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं, राजीनामा द्यायला आली असेल. तिलाही सकाळी निघताना तसंच वाटत होतं. पण जाऊन बघते तर सगळ्या छपरांवरची साधी पॅनल उतरवून आणली होती आणि मॅडमनी परिषदेतलं आपलं भाषण मागे घेतलं होतं. जे पैसे देणारे होते ते नाराज होते. पुढे काय, ते कुणालाच माहीत नव्हतं. मॅडम तिला म्हणाल्या, "थांबा असं म्हणायचा मला हक्क नाही."

"फोडून बघायला हवं," ती म्हणाली. "आपण नुसतं जपून बघतो. फुटल्यावर काय, ते बघतच नाही."

मग त्यांनी फोडायला सुरुवात केली. भट्टीवाल्याने बर्फाचे गोळे करायचे साचे आणले, ते वेगाने मारायची नळी बनवली. पॅनल फोडायचं, वरून पाणी सोडायचं, खाली आलेलं पाणी तपासायचं. प्रत्येक गोळ्याला ती दचकायची, आणि नळीतून गोळे झाडायचं काम तिने दुसऱ्याला दिलं. पण पाणी गोळा करायला तीच बसायची. साध्या पॅनलांतून पिवळं पाणी यायचं. पकडथराच्यांतून जवळजवळ नितळ. एकच पकडथर पुरत नाही, मागच्या बाजूलाही हवा, हे फोडता फोडताच कळलं. टक्केवारी आणखी घसरली. मग पृष्ठभागाचे दोष बुजवणाऱ्या त्या क्षारावर पुन्हा बसले, त्याचं प्रमाण बदललं, लावायची वेळ बदलली. घसरलेलं बरंचसं परत आलं. सगळं नाही.

पुढच्या वर्षीच्या परिषदेत मॅडमनी तो थोडा कमी आकडाच मांडला. फुटलेल्या पॅनलाची गोष्टही सांगितली, कुणाच्या घरचं ते न सांगता, आणि चूक कुणाची ते मात्र सांगून. समोर पहिल्या रांगेतला एक जण उठून गेला म्हणे. बाकीचे बसले.

धसकाबाईची भीती कमी झाली, असं काही झालं नाही. उलट तिने काकूंना समोर बसवून सगळं सांगितलं, बॅटऱ्यांच्या दुकानापासून, तो शब्द मोठ्याने उच्चारून. काकू शेवटी एवढंच म्हणाल्या, "आधी सांगायचंस गं."

राजाने पुढे एकदा काच परत कधी येणार म्हणून विचारलं. ती म्हणाली, नाही येणार. का म्हणून विचारलं नाही त्याने. त्याने तिच्या हातून जेवायला सुरुवात करायला बराच काळ लागला, आणि केली तीही एकदम नाही. आधी ताट घ्यायचा आणि लांब जाऊन बसायचा. एका सुट्टीच्या सकाळी मात्र तो तिच्या शेजारी येऊन बसला, तिच्या ताटातलं उचलून खाल्लं, आणि चावता चावता म्हणाला,

"ताई, तू परत ओरडशील?"

तिला नाही म्हणायचं होतं. ते खोटं झालं असतं.

"ओरडेन," ती म्हणाली. "मी घाबरले की ओरडते, राजा. तुझ्यावर रागावून नाही."

त्याने बराच विचार केला. बोट तोंडाकडे गेलं, अर्ध्यात थांबलं, आणि त्याने ते शर्टाला पुसलं.

"मग मी पळेन," तो म्हणाला.

"पळ," ती म्हणाली, आणि आपलं ताट त्याच्याकडे सरकवलं.